वीस ग्रॅमांची वारी

फंडीच्या उपसागरातलं पाणी ओहोटीला मागे सरतं म्हणणं कमीच पडेल; ते पार दिसेनासं होतं. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशिया या दोन प्रांतांच्या बेचक्यात हा समुद्र शिरलेला आहे. त्याच्या आतल्या टोकाशी, मिनास खोऱ्यात, भरती-ओहोटीतला फरक 16 मीटरपर्यंत जातो. जगात याहून मोठी भरती कुठे नाही. पाणी गेलं की मागे उरतो तांबूस, चकाकता चिखल, नजर पोचेल तिथवर. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, इथे काहीच नाही.

जुलै सरता सरता या चिखलावर पक्षी उतरू लागतात, लाखांनी. सेमीपामेटेड सँडपायपर हे त्यांचं इंग्रजी नाव. आपल्या खाडीकाठी हिवाळ्यात दिसणाऱ्या छोट्या टिलव्याचे हे भाऊबंद, एकाच प्रजातीकुळातले. काळे पाय, आखूड काळी चोच, पायाच्या बोटांमध्ये अर्धवट पडदा, पाठ ओल्या वाळूच्या रंगाची. आर्क्टिकच्या टुंड्रावर वीण आटोपून ते इथे येतात तेव्हा त्यांचं वजन असतं साधारण 20 ग्रॅम. दोनेक आठवड्यांनी निघतात तेव्हा ते 40 ग्रॅमच्या घरात गेलेलं असतं, आणि ही वाढ बहुतांशी चरबीची. मग एका संध्याकाळी थवा उठतो आणि अटलांटिकवर निघतो. सुरिनाम, गयाना, फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावरचा चिखल पायाखाली येईपर्यंत तीनेक दिवस आणि तेवढ्याच रात्री ते पंख हलवत राहतात. खाणं नाही, पाणी नाही, टेकायला जागा नाही.

चरबी म्हटलं की आपल्याला वजनकाटा आठवतो, डॉक्टरांचा चेहरा आठवतो. या पक्ष्याची गोष्ट कळल्यावर मला तरी तो शब्द हलकेपणाने उच्चारवत नाही. एक ग्रॅम पिष्टातून चार किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून नऊ. शिवाय पिष्ट शरीरात साठवायचं तर त्याच्यासोबत तिप्पट पाणीही बाळगावं लागतं; चरबी कोरडी राहते. आणि जळताना एक ग्रॅम चरबी एक ग्रॅमहून किंचित जास्तच पाणी देते. खाऱ्या समुद्रावरून तीन दिवस उडणाऱ्या जिवाची शिदोरी आणि पाण्याची सोय एकाच पिवळसर पदार्थात बांधलेली आहे. यापेक्षा नेटकी बांधाबांध मला माहीत नाही.

पक्ष्यांच्या पायात कडी चढवणारे अभ्यासक ही शिदोरी डोळ्यांनी बघतात. पक्षी हलक्या मुठीत उताणा धरायचा आणि गळ्याखाली छातीच्या पिसांवर हळूच फुंकर मारायची. पिसं दुभंगतात. खालची त्वचा इतकी पातळ असते की आरपार दिसतं. गळपट्टीच्या दोन हाडांच्या मधे एक खळगा असतो. उपाशी पक्ष्याचा हा खळगा तांबडा आणि खोल दिसतो, आतला स्नायू उघडा पडलेला. प्रवासाच्या तयारीतल्या पक्ष्याचा खळगा पिवळ्या चरबीने भरून वर फुगलेला असतो. अभ्यासक वहीत एक आकडा टाकतात आणि मूठ उघडतात. एवढाच त्या भेटीचा वेळ.

खळगा भरतो कसा? खाल्लं की चरबी चढते, हा आपला ढोबळ हिशेब. पण मग हाच पक्षी बाकीचे महिने काठोकाठ खाऊनही शेलाटा का राहतो? शरीर प्रत्येक वेळी ठरवतं की आलेल्या घासाचं काय करायचं, आणि हे ठरवणं होतं पेशीच्या गाभ्यात, जनुकांपाशी. कुठलं जनुक वाचायचं, कुठलं मिटून ठेवायचं, याचा निर्णय दोन गोष्टी मिळून करतात: रक्तातून आलेली संप्रेरकं, आणि खुद्द अन्न.

हे सगळ्यात सुबक दिसतं कोंबडीच्या अंड्यात. फंडीच्या चिखलावरून खुराड्यात यायला कमीपणा वाटू नये, कारण पक्ष्यांच्या चरबीबद्दल आपल्याला जे कळलं त्यातलं बरंचसं कबुतरांनी आणि कोंबडीच्या पिल्लांनीच शिकवलंय. 1967 मध्ये अमेरिकेत ॲलन गुडरिज आणि एरिक बॉल यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पक्षी नवी चरबी मुख्यतः यकृतात घडवतात; चरबीच्या पेशी बहुतेक करून साठवणीचं काम करतात. मग गुडरिज पिल्लांकडे वळले.

अंड्यात पिल्लू 21 दिवस असतं, आणि त्या काळात त्याला लागणारी जवळजवळ सगळी ऊर्जा बलकातल्या स्निग्धातून येते. आईने सगळं तयार करून दिलेलं. म्हणून त्याच्या यकृतात चरबी घडवणारी विकरं नावापुरतीच असतात. कवच फुटतं, पिल्लू ओलं, डगमगतं बाहेर येतं आणि पहिला दाणा टिपतं. दाण्यात पिष्ट भरपूर, चरबी थोडी. काही दिवसांतच यकृताचा नूर पालटतो. दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत सोळा कार्बनची साखळी विणणारं फॅटी ॲसिड सिंथेज, त्या विणकामाला लागणारा हायड्रोजन पुरवणारं मॅलिक एन्झाइम, अशी विकरं झपाट्याने वाढतात, कारण त्यांची जनुकं आता वाचली जाऊ लागलेली असतात. पिल्लाला उपाशी ठेवलं तर ही वाढ होत नाही. जन्म झाला एवढ्यावर यकृत हलत नाही, त्याला दाणा पोचल्याची वर्दी लागते.

ही वर्दी कोण देतं, हे पाहायला गुडरिज यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या यकृतपेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि एकेक संप्रेरक त्यात घालून पाहिलं. एकटं इन्सुलिन घातलं तर मॅलिक एन्झाइममध्ये फारसा फरक पडत नाही. थायरॉइडचं टी-3 घातलं तर ते भराभर वाढतं. दोन्ही मिळून घातली तर आणखी वाढतं. आणि ग्लुकॅगॉन, उपासाच्या वेळी रक्तात चढणारं संप्रेरक, घातलं की सगळी लगबग थंडावते. भरल्या पोटाची आणि रित्या पोटाची बातमी बशीतल्या मूठभर पेशींनाही कळते, ज्यांना ना पोट आहे ना चोच.

त्यातल्या टी-3 पाशी जरा थांबावंसं वाटतं. हा रेणू लहानसा आहे आणि त्याच्या अंगावर आयोडीनचे तीन अणू आहेत. आयोडीन म्हणजे समुद्राचं देणं. समुद्रशैवाल ते पाण्यातून वेचतं, थोडं हवेत सोडतं, पावसाबरोबर ते जमिनीवर उतरतं. गळ्यातल्या ग्रंथीत ते रेणूला चिकटतं तेव्हा आधी चार अणू असतात. यकृतासारख्या अवयवांमध्ये त्यातला एक खुडला जातो आणि उरतं ते तीन अणूंचं, कामाला तयार झालेलं टी-3. पेशीच्या गाभ्यात त्याची वाट पाहणारा एक ग्राही असतो. 1986 मध्ये दोन प्रयोगशाळांनी तो एकाच वेळी ओळखला, आणि माग काढायला मदत झाली ती कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग देणाऱ्या एका विषाणूची, कारण त्या विषाणूने याच ग्राहीची बिघडलेली नक्कल कधीकाळी चोरून नेली होती. हा ग्राही संप्रेरक नसतानाही जनुकाला धरून बसलेला असतो, पण तेव्हा तो जनुक वाचू देत नाही. वाड्याच्या दिंडीदरवाजाशी बसलेला जुना रखवालदार जसा मालकाची चिठ्ठी येईपर्यंत कुणाला आत सोडत नाही आणि चिठ्ठी दिसताच स्वतः उठून अडसर काढतो, तसं. टी-3 येऊन बसलं की ज्या हातांनी दार धरलं होतं त्याच हातांनी ते उघडतं.

याच टी-3 ला पक्ष्याच्या शरीरात दुसरंही एक काम आहे. ते मेंदूला ऋतू सांगतं.

1920च्या दशकात कॅनडातल्या एडमंटनमध्ये विल्यम रोवन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने जंको नावाचे छोटे पक्षी भर हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि संध्याकाळी विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस थोडा थोडा लांबवत नेला. बाहेर कडाक्याची थंडी, सगळीकडे बर्फ, आणि या पक्ष्यांची अंगं मात्र वसंत आल्यासारखी पालटली. ऋतू थंडी-उन्हाने कळत नव्हता, दिवसाच्या लांबीने कळत होता. पुढे फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांनी बदकांवर दाखवलं की हा उजेड डोळ्यांतूनच जायला हवा असंही नाही. कवटीतून झिरपून तो थेट मेंदूच्या खोल भागापर्यंत पोचतो. आणि 2003 मध्ये जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या ताकाशी योशिमुरा आणि सहकाऱ्यांनी जपानी लाव्यांच्या मेंदूत पाहिलं की दिवस मोठा होताच तिथे आयोडीनचा तो चौथा अणू खुडणाऱ्या विकराचं जनुक जागं होतं. मेंदूच्या त्या इवल्याशा कोपऱ्यात टी-3 वाढतं आणि तिथून वसंताची आज्ञा सुटते.

मेंदूत ‘दिवस मोठा झाला’ असं सांगणारा रेणू आणि यकृतात ‘दाणा आला, चरबी घडव’ असं सांगणारा रेणू एकच असावा, हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. सूर्य आणि पोट, दोघांचा निरोप एकाच टपाल्याच्या हाती. हे कुणी योजून ठरवलेलं नाही, लाखो वर्षांत जे टिकलं ते टिकलं, हे मला माहीत आहे. तरी हात जोडावेसे वाटतात ते वाटतातच.

आता परत चिखलाकडे.

फंडीच्या चिखलात बोटाच्या पेरापेक्षाही छोटं एक कोळंबीवजा कवचधारी राहतं, कोरोफियम व्होलुटेटर. इंग्रजी यू अक्षरासारखं बीळ करून ते आत बसतं, एका चौरस मीटरात हजारोंनी. चिखलाच्या पृष्ठावर तपकिरी साय धरते ती डायॅटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची. कोरोफियमचं पोट त्याच्यावर भरतं. आणि सँडपायपरचं पोट कोरोफियमवर. ओहोटी लागली की पक्षी पाण्याच्या मागे मागे धावत निघतात, शिवणयंत्राच्या वेगाने चोच खालीवर. भरतीला खडकाळ गोट्यांच्या किनाऱ्यावर दाटीवाटीने उभे राहतात, एकमेकांना खेटून. वरून बहिरी ससाणा आला की सगळा थवा एकदम उठतो, वळताना पोटाचा पांढरा, पाठीचा करडा, पुन्हा पांढरा. दर उड्डाणाला थोडी थोडी कमाई खर्च होते. ससाण्याच्या धाकाने हल्ली बरेच थवे भरतीचा वेळ पाण्यावर उडतच काढतात. माणसंही किनाऱ्यावर चालून त्यांना उठवतात. म्हणून तिथे भरतीच्या सुमारास लांब राहा अशा पाट्या लावलेल्या असतात आणि स्वयंसेवक पाहुण्यांना नम्रपणे थांबवतात. थव्याचे फोटो काढायला पुढे सरकणाऱ्यांना हे पटवणं सोपं नसतं, हे सांगायला नकोच.

डायॅटम सूर्यप्रकाशात ओमेगा-3 जातीची मेदाम्लं तयार करतात. तीच कोरोफियमच्या अंगात उतरतात, आणि कोरोफियमच्या स्निग्धांशात त्यांचा वाटा फार मोठा असतो. ओटावा विद्यापीठातले ज्याँ-मिशेल वेबर आणि त्यांचे विद्यार्थी यांना शंका आली की पक्षी या चिखलावर निव्वळ इंधन भरून घेत नसावेत, त्यांचं यंत्रही इथे सुधारत असावं. त्यांनी पाहिलं तर फंडीत राहिलेल्या पक्ष्यांच्या उड्डाणस्नायूंत ओमेगा-3 मेदाम्लं वाढत होती आणि त्याबरोबर चरबी जाळणाऱ्या विकरांची ताकदही. पण ही ताकद अन्नाने आली की उडून उडून, हे कसं ठरवणार? त्यांनी बॉबव्हाइट जातीचे लावे घेतले, जमिनीवर चालणारे, उडायचा कंटाळा असणारे, आणि त्यांना काही आठवडे ओमेगा-3 खाऊ घातलं. एक दिवसाचाही व्यायाम नाही. तरी लाव्यांच्या स्नायूंची चरबी जाळण्याची क्षमता चांगलीच वाढली. वेबर यांनी याला नैसर्गिक डोपिंग म्हटलं. मला तो शब्द पटत नाही. डोपिंगमध्ये लबाडी असते, आणि इथे पक्षी तर फक्त समोर आहे ते जेवतोय.

मेदाम्लाला पेशीच्या गाभ्याशी बोलता येतं हे 1990च्या दशकात उलगडत गेलं. 1990 मध्ये पीपीएआर नावाचा ग्राही सापडला, थायरॉइडच्या ग्राहीच्याच कुटुंबातला, आणि पुढच्या दोनेक वर्षांत कळलं की त्याला जागं करणारी चिठ्ठी म्हणजे खुद्द मेदाम्लं. ती येऊन बसली की चरबी स्नायूत ओढून घेणाऱ्या, तिथून पेशीच्या भट्टीपर्यंत वाहून नेणाऱ्या, तिथे जाळणाऱ्या प्रथिनांची जनुकं वाचली जातात. पण तेच तेल यकृतात उलट बोलतं. अनेक असंतृप्त बंध असलेली मेदाम्लं तिथे फॅटी ॲसिड सिंथेजचं जनुक मंद करतात, हे उंदरांच्या यकृतावर नीट दाखवलं गेलंय. म्हणजे एकच घास यकृताला सांगतो, तू घडवायची तसदी घेऊ नकोस, तयार चरबी येते आहे. आणि स्नायूला सांगतो, जाळायची तयारी कर. घास एकच, पण ऐकणारा कोण त्यावर अर्थ ठरतो.

मग उड्डाण. भरल्या पोटाचं इन्सुलिन खाली जातं, ग्लुकॅगॉन चढतं. सस्तन प्राण्यांत साठलेली चरबी सोडवायचं काम बऱ्याच अंशी ॲड्रेनलिन करतं. पक्ष्यांत हा मान ग्लुकॅगॉनचा. काचेच्या बशीत ज्याने चरबीची घडण थांबवली होती तेच आता समुद्रावर साठा मोकळा करतंय. रक्तातून मेदाम्लं छातीच्या स्नायूकडे धावतात. तिथे त्यांना हाताला धरून भट्टीपर्यंत नेणारी प्रथिनं आधीच वाढवून ठेवलेली असतात. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वेस्टर्न सँडपायपरमध्ये स्थलांतराच्या काळात ती हिवाळ्यापेक्षा बरीच जास्त आढळली आहेत. याच कुळातल्या ग्रेट नॉटची गोष्ट तर आणखी कठोर. ऑस्ट्रेलियातून चीनच्या किनाऱ्यावर हजारो किलोमीटर न थांबता पोचलेल्या नॉटचं यकृत, आतडं, असे बरेच अवयव निघतानापेक्षा आकसलेले आढळले. चरबी तर जळतेच, पण पक्षी थोडा थोडा स्वतःलाही जाळत जातो.

या सगळ्यात मला पोटात तुटल्यासारखं होतं ते पिल्लांमुळे. टुंड्रावर मादी आधी निघून जाते, मग नर, पिल्लं सगळ्यात शेवटी. फंडीला ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात जे थवे दिसतात त्यांत उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लंच भरपूर असतात. दोनेक महिन्यांपूर्वी यातलं प्रत्येक पिल्लू अंड्यात बलकावर जगत होतं. आता ते न पाहिलेल्या समुद्रावर, कुणी पुढे नसताना, निघतं. वाट दाखवायला मोठं माणूस नाही. शिदोरी बांधून द्यायला आई नाही. चिखल, तेल, आयोडीन आणि दिवसाची लांबी यांनीच त्यांना तयार केलेलं असतं.

आपल्याकडच्या खाड्यांवर हाच खेळ दुसऱ्या नटांचा चालतो. ठाण्याच्या खाडीच्या चिखलात, जिला 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, उरणच्या मिठागरांवर, कोकणातल्या खाडीमुखांवर हिवाळाभर टिलवे आणि बाकदार चोचीचे कर्ल्यू सँडपायपर चोचा मारत असतात. लोक फ्लेमिंगो बघायला जातात आणि या करड्या ठिपक्यांकडे कुणाचं लक्ष नसतं. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या अंगावर सायबेरियाचा तांबूस रंग चढू लागतो, गळ्याखालचा खळगा भरू लागतो, आणि उन्हं चटकायला लागेपर्यंत ते हिमालयापलीकडच्या टुंड्राकडे निघून गेलेले असतात.

सगळे मात्र जात नाहीत. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांत पहिल्या वर्षाची बरीच पिल्लं उन्हाळ्यातही इथेच राहतात. चिखल तोच, त्यातले किडे तेच, दिवस त्यांच्यासाठीही तेवढाच लांबलेला. मोठ्यांच्या शरीराने ज्या हाकेला ओ दिली, ती या पिल्लांच्या शरीरात पोचते पण पुरती लागत नाही. चरबी म्हणावी तशी चढत नाही, विणीचा रंग अर्धामुर्धाच येतो. जूनमध्ये पाऊस कोसळायला लागतो, खाडीचं पाणी गढूळ होतं, मिठागरं बुडतात, आणि ही करडी पोरं भरतीच्या कडेकडेने खेकड्यांच्या बिळांमधून चरत हिंडतात. पुढच्या एप्रिलात त्यांचंही यकृत कामाला लागतं.